डिक्कीकडून बघत या: ठाणे-नवी मुंबईत जुनी मोठी घरगुती गाडी घेताना

जुनी गाडी बघायला गेलं की माणूस आधी बोनेट उघडायला लावतो. माझं म्हणणं, आधी डिक्की उघडा. सहा-सात जणांच्या घराला ही गाडी पुरणार का, हे इंजिन सांगत नाही. मागचा दरवाजा सांगतो. शिवाय गाडी याआधी कुणी आणि कशी वापरली याचा पुरावाही बऱ्याचदा तिथेच, गालिच्याखाली पडलेला असतो.

ज्यांच्याकडे नव्या छोट्या गाडीइतके पैसे आहेत, पण घरात आजी-आजोबा, दोन मुलं आणि गणपतीला गावी न्यायचं सामान आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पायऱ्या शक्यतो याच क्रमाने घ्या. गाडी आवडल्यावर पार्किंग मोजायला गेलात तर टेपसुद्धा खोटं बोलायला लागते.

पहिली पायरी: माणसं आणि बॅगा मोजा

वर्षातून दोनदा होणाऱ्या प्रवासासाठी सात सीटची गाडी घ्यायची आणि उरलेले दिवस दोघांनी तिच्यातून भाजी आणायची, हे ठाण्यात सर्रास चालतं. म्हणून आधी ठरवा: महिन्यातून किमान दोनदा गाडीत किती माणसं बसणार? पाच असतील, तर तुम्हाला तिसरी रांग नको, मोठी डिक्की हवी. ती खरी स्टेशन वॅगनची, म्हणजे छप्पर थेट मागच्या दरवाजापर्यंत नेलेल्या लांब गाडीची, गरज. सहा किंवा सात असतील, तर तीन रांगांची गाडी हवी, आणि तिसरी रांग उभी असताना मागे काय मावतं ते बघायला हवं.

इथेच बहुतेक जण फसतात. पहिल्या पिढीच्या अर्टिगामध्ये तिन्ही रांगा उभ्या असताना मागे १३५ लिटर जागा उरते, २०१८च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीत २०९ लिटर. पहिलीत एक मध्यम बॅग आणि खाऊची पिशवी, दुसरीत अजून एखादी बॅग. सात माणसं बसली की सामान टपावर जातं, आणि मग पावसाळ्यात ताडपत्री, दोऱ्या आणि कशेडी घाटाच्या अलीकडे थांबून पुन्हा बांधाबांध. शक्य असेल तर गाडी बघायला जाताना घरातली सर्वांत मोठी बॅग बरोबर न्या. विक्रेता हसला तर हसू द्या.

आजीलाही न्या. पायरीची उंची, दरवाजाचं तोंड, मधली सीट पुढे सरकवून मागे जायची वाट, हे सगळं गुडघे दुखणाऱ्या माणसाने स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही. टोयोटा इनोव्हा उंच आहे, पण मधल्या रांगेत चढणं सोपं. महिंद्रा झायलोत बसल्यावर जागा भरपूर, चढताना मात्र दम लागतो. मधल्या रांगेत सुटी कॅप्टन सीट असेल तर मागे जायला मधून वाट मिळते. बाक असेल तर एक माणूस जास्त बसतो. लहान मुलांच्या घरात मी कॅप्टन सीटच्या बाजूने आहे, कारण दर थांब्याला सीट दुमडायला लागत नाही.

दुसरी पायरी: पार्किंग

टेप घ्या आणि सोसायटीत खाली उतरा. पहिल्या पिढीची इनोव्हा सुमारे ४.५८ मीटर लांब, १.७७ रुंद आणि १.७६ उंच आहे. तिची पुढची पिढी, म्हणजे क्रिस्टा, ४.७३ मीटर लांब आणि १.८३ रुंद. घोडबंदर रोडच्या आणि खारघर-नेरूळच्या नव्या संकुलांत स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवणारं मशिन असेल, तर उंचीची आणि वजनाची मर्यादा पाटीवर लिहिलेली असते. सेडानच्या हिशोबाने बांधलेल्या पॅलेटवर इनोव्हा उंचीलाच अडते. पाटी नसेल तर मशिनची देखभाल करणाऱ्याला विचारा, वॉचमनला नको. जुन्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन खांबांमधलं अंतर मोजताना दरवाजा उघडायची जागाही धरा. आणि मागे भिंत असेल तर डिक्कीचा वर उघडणारा दरवाजा भिंतीला लागतो का, तेही बघून ठेवा.

तिसरी पायरी: कोणती गाडी

खऱ्या स्टेशन वॅगन आपल्याकडे आल्या आणि गेल्या. १९९२ची टाटा इस्टेट, १९९९ची मारुती बलेनो अल्टुरा, २००४ची इंडिगो मरिना, त्याच सुमाराच्या ओपेल कोर्सा स्विंग आणि स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी. लोकांना या गाड्या दिसायला मालवाहू वाटल्या, सेडान प्रतिष्ठेची वाटली, आणि बाजार संपला. माझ्या मते पाच जणांच्या घराला अल्टुरा आजही शहाणपणाची गाडी आहे. बसायला सेडानसारखी, डिक्की लांब, सामान चढवायची डिक्कीची कड खाली.

अडचण सुट्या भागांची. वॅगनचा पुढचा अर्धा भाग तिच्या सेडान बहिणीचा असतो, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, हेडलाइट, पुढचे दरवाजे यांचे भाग अजून मिळतात. मधल्या खांबाच्या मागचं सगळं मात्र वेगळं: मागची काच, टेललाइट, डिक्कीचा दरवाजा, त्याचे गॅस शॉकर, मागच्या खिडक्यांची रबरं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हुडकत बसलात तर कधी मिळेल, कधी नाही. म्हणून नियम सोपा: मरिना किंवा अल्टुरा घ्यायचीच असेल, तर मागची काच, दोन्ही टेललाइट आणि डिक्कीचा दरवाजा मूळचे आणि निर्दोष असतील तरच घ्या. मागून ठोकलेली वॅगन फुकट मिळाली तरी सोडून द्या.

घरातली ही एकमेव गाडी असेल, तर मात्र मी वॅगनच्या नादी लागू नका म्हणेन. तिच्या जवळ जाणाऱ्या गाड्या शोधा. रेनॉ लॉजी ही मला त्यातली सर्वांत वॅगनसारखी वाटते: बुटकी, लांब, डिझेलला चांगली, आतून ऐसपैस. २०१५ ते २०२० एवढीच विकली गेली, त्यामुळे भाव पडलेला असतो. घेताना हे सोयीचं, विकताना तेच अंगावर येतं. होंडा मोबिलियो चालवायला हलकी, पण २०१६मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत तिच्या एअरबॅग नसलेल्या साध्या प्रकाराला शून्य तारे मिळाले होते. महिंद्रा मराझोला २०१८मध्ये चार मिळाले. शेव्हरोले तवेरा स्वस्त दिसेल. कंपनीने २०१७च्या अखेरीस भारतात विक्रीच थांबवली, हे लक्षात ठेवूनच भाव करा.

आणि इनोव्हा. २००५मध्ये क्वालिसच्या जागी आली आणि तेव्हापासून मोठ्या घरगुती गाडीचं मोजमाप तीच आहे. अडीच लिटरचं डिझेल इंजिन नीट सांभाळलं तर तीन-चार लाख किलोमीटर जातं, प्रत्येक मिस्त्रीला ते पाठ आहे, सुटे भाग मिळतात. म्हणूनच तिला भावही जास्त पडतो, आणि म्हणूनच बाजारात टुरिस्टमध्ये, म्हणजे भाड्याने चालवून, झिजवलेल्या इनोव्हा सर्वांत जास्त. शहरात लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास सरासरी धरून चाला. पेट्रोल इनोव्हाला सीएनजी किट लावलेली असेल तर टाकी कुठे बसवली आहे ते बघा. ती डिक्कीत असेल, तर ज्या कारणासाठी मोठी गाडी घेताय तेच कारण टाकीने खाल्लं. किट आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, चढवलेलं हवं आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) झालेली हवी.

एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) यांबद्दल एक पक्कं करून ठेवा. २०१९आधीच्या गाड्यांत हे दोन्ही सगळ्या गाड्यांना कायद्याने सक्तीचे नव्हते, आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या त्या २०२२पासून. त्यामुळे त्याच वर्षाच्या, त्याच नावाच्या दोन गाड्यांत एकीला दोन्ही असतात आणि दुसरीला एकही नाही. डिक्कीवर चिकटवलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, ती शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. आरसीवर लिहिलेला प्रकार वाचा.

चौथी पायरी: कागद, गाडी बघण्याआधी

विक्रेत्याकडून नंबर आणि आरसीचा फोटो मागवा. परिवहन विभागाच्या सरकारी अ‍ॅपवर पासिंगची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा हे सगळं घरबसल्या दिसतं. ई-चलान वेगळं तपासा. जुन्या मालकाने तुंबवलेली चलानं गाडी नावावर करताना तुमच्यासमोर उभी राहतात.

वय हा सर्वांत मोठा मुद्दा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी होऊन दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण. केंद्राच्या नियमांनुसार मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२२पासून ५,००० रुपये आहे, २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५मध्ये ती १०,००० झाली. उशीर केला तर मोटारीला महिन्याला ५०० रुपये दंड. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. समजा, जुलै २००८ची मरिना बघताय. तिचं नूतनीकरण जुलै २०२३मध्येच व्हायला हवं होतं. झालं असेल तर २०२८पर्यंत निवांत. नसेल झालं तर साठलेला दंड, फी, कर आणि तपासणीत पास होण्यासाठी लागणारं काम, हे सगळं भावातून वजा करा. ‘ते होऊन जातं हो’ या वाक्याला किंमत देऊ नका.

स्वस्त मोठी डिझेल गाडी दिसली आणि नंबर डीएलने सुरू होत असेल, तर कारण तिथेच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांपुढची डिझेल आणि १५ वर्षांपुढची पेट्रोल वाहनं चालवायला मनाई केली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं, आणि तिकडच्या जुन्या गाड्या देशभर पांगल्या. गाडी वाईटच असते असं नाही. पण तिला तिकडच्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागते. राज्यात आणून १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर, वयानुसार कमी केलेला का होईना, भरावा लागतो. हा सगळा खर्च मांडल्यावरही स्वस्त पडली, तरच बघायला जा. एमएच-०४, एमएच-४३ किंवा एमएच-०५, म्हणजे ठाणे, नवी मुंबई किंवा कल्याण पासिंगची गाडी थोडी महाग पडली तरी डोक्याला ताप कमी.

बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ विक्रेत्याने द्यायचा. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ने गाडी व्हायला हवी, मग तुमच्या. जुनी वाहनं विकणाऱ्या डीलरला १ एप्रिल २०२३पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मागून बघा. २०१९च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावलेली आहे का, हेही.

पाचवी पायरी: डिक्की उघडा

सकाळी लवकर जा. विक्रेत्याला सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका, आणि गेल्यावर बोनेटवर हात ठेवून खात्री करा. गरम असेल तर थांबा, किंवा परत या.

आता मागून सुरुवात. गालिचा उचला. मरिना-अल्टुरात स्टेपनीची खळगी असते, तिथे पाणी साचल्याचा डाग, गाळ, गंज बघा. इनोव्हाची स्टेपनी गाडीखाली टांगलेली असते, ती खाली उतरवून घ्या. साखळी गंजून अडकली असेल, तर ती कित्येक वर्षांत कुणी हलवली नाही आणि गाडीचं पोट कसं असेल याचा अंदाज आलाच. डिक्कीच्या दरवाजाच्या कडेने बोट फिरवा. कंपनीचं सीलंट एकसारखं असतं, गॅरेजचं हातचं. शंका आली तर पत्र्यावर पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक लावा. लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे ते धरत नाही.

पुराची गाडी ओळखायची तर तिसऱ्या रांगेचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसली की विषय संपला. सीटचे रूळ, सीटखालची वायरिंग, डॅशबोर्डच्या आतले स्क्रू इथला गंज झाकायचं कुणाला सुचत नाही. एसी बंद करून खिडक्या लावा आणि पाच मिनिटं आत बसा. वास येतोच. खाडीकाठच्या सोसायट्यांत उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांचा खालचा पत्रा खारट हवेने खाल्लेला असतो, म्हणून चाकांच्या कमानी आणि दरवाजाखालचा उंबरा टॉर्च मारून बघा. इनोव्हाची बॉडी वेगळ्या चॅसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बसवलेली आहे. त्या चॅसिसवर ताजा काळा रंग मारलेला दिसला तर खाली काय आहे ते टोकदार स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

टुरिस्टमध्ये चाललेली गाडी खासगी करून विकायला येते. तिची खूण मीटरवर नसते, मीटर मागे करणारे गल्लोगल्ली आहेत. डावीकडचा मधला दरवाजा बघा: प्रवासी तिथूनच चढतात, त्यामुळे त्याचं हँडल आणि बिजागर उजवीकडच्यापेक्षा जास्त सैल असतं. टपावर कॅरिअरची बुजवलेली भोकं, नंबरप्लेटमागे पिवळ्या रंगाचा कण, क्लचच्या पेडलवर गुळगुळीत झालेलं रबर. साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या स्टिअरिंगला अशी चकाकी येत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबरवरून जुन्या नोंदी मिळतात, मालकाला बरोबर नेऊन त्या काढून घ्या.

मग बोनेट. सेल्फ मारल्यावर गाडी लगेच उचलते का, निळा धूर किती वेळ येतो. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा सतत येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेचा फिल्टर यांच्याकडे संशय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. वाफ भसाभसा आली तर मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ मोठं काम. अडीच लिटरच्या डिझेल इनोव्हाला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललेला नाही असंच समजा. क्रिस्टाच्या डिझेलला चेन आहे. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझायला हवा. लागलाच नाही, तर कुणीतरी बल्ब किंवा वायर काढून ठेवली आहे.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर कुटुंब घेऊन घाट उतरू नका.

सहावी पायरी: घरची माणसं बसवून चालवा

रिकामी गाडी सगळीच चांगली चालते. पाच जण बसवा आणि चढ शोधा. ठाण्यात असाल तर उपवनवरून येऊरच्या फाटकापर्यंत, नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक हिलवर. चढावर मध्येच थांबून दुसऱ्यांदा निघा. क्लच जळका वास देतो का, इंजिन फिरतं आणि गाडी मागेच राहते का. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का. घोडबंदरच्या खड्ड्यांचा एक उपयोग आहे: पुढून ‘टक-टक’ आली तर पुढच्या सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट गेलेत. ते काम फार महाग नाही, भाव पाडायला चांगलं. पाम बीच रोडवर सरळ रेषेत स्टिअरिंग क्षणभर हलकं सोडा, गाडी एकीकडे खेचते का ते कळेल.

या सगळ्या वेळात एसी चालू ठेवा आणि एकाला तिसऱ्या रांगेत बसवा. मेच्या दुपारी मागे गारवा पोचत नसेल, तर मुलं पुढच्या वेळी गाडीत बसायलाच तयार होणार नाहीत. मागचा एसी दुरुस्त करायचं काम किचकट असतं.

पसंत पडली तरी त्याच दिवशी होकार देऊ नका. तुमच्या ओळखीच्या, विक्रेत्याला न ओळखणाऱ्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून स्कॅनर लावून घ्या. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत असं करून देणारे आहेत, आणि त्याचे पैसे आनंदाने द्या.

सातवी पायरी: व्यवहार

गाडीच्या भावाच्या १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या कामांसाठी बाजूला काढा, आणि उरलेल्यात गाडी शोधा. घासाघीस करताना ‘फायनल किती’ विचारण्याऐवजी लिफ्टवर निघालेली कामं कागदावर लिहून समोर ठेवा. टायर, बेल्ट, बुश, नूतनीकरण. प्रत्येकासमोर रक्कम.

टोकन थोडंच द्या आणि पावतीवर लिहून घ्या की कागद अपुरे निघाले तर ते परत मिळेल. बाकी रक्कम बँकेतून, आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३०वर मालकाने तुमच्यासमोर सह्या केल्यावर. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही टाका: त्याआधीचं चलान त्याचं, नंतरचं तुमचं.

नावावर करायला ‘बघू’ म्हणून ठेवू नका. कायद्याने खरेदीदाराला ३० दिवस मिळतात. विम्यासाठी फक्त १४ दिवस: तेवढ्यात कंपनीकडे अर्ज गेला पाहिजे. तोपर्यंत तिसऱ्या पक्षाचं संरक्षण तुमच्याकडे आलेलं असतं, पण तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा. ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या वेशीवरच्या ऐरोली, वाशी, मुलुंडच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, म्हणून ही गोष्ट विसरली जाते आणि थेट एक्स्प्रेसवेवर आठवते.

पहिल्या महिन्यात इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल, सगळे फिल्टर आणि पावती नसलेला टायमिंग बेल्ट एकदम बदलून घ्या, किलोमीटरचा आकडा डायरीत टाका. तिसऱ्या रांगेचे सीटबेल्ट बऱ्याच गाड्यांत सीटखाली दाबून ठेवलेले असतात. ते काढून, चिकटलेला मळ धुऊन, बकल खटकन लागतं का ते प्रत्येक जागेवर बसून बघा, आणि एखादं लागत नसेल तर गावी जायच्या आधी ते आधी बदला.